पडलेल्या यानाचा पंचनामा

भिवंडीतून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढतो आणि ओतूरवरून आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्त्याला जाऊन मिळतो. आम्हा भिवंडीकरांना हा रस्ता ठाऊक आहे तो पावसाळ्यातल्या धबधब्यांसाठी आणि तिकडून येणाऱ्या टोमॅटो-भाजीच्या टेम्पोंसाठी. आळेफाट्यावरून पुण्याच्या दिशेने वळून नारायणगाव गाठायचं, तिथून पूर्वेला खोडदची वाट धरायची. थोड्याच वेळात उसाच्या आणि द्राक्षांच्या शेतांमागे अवाढव्य जाळीदार ताटल्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या दिसू लागतात. हीच ती जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. एकेक ताटली ४५ मीटर व्यासाची. अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. जवळ गेलं की कळतं, ताटली म्हणून जे दिसतं ते पत्र्याचं नाहीच. ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे आणि वारा तिच्यातून आरपार जातो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. जाळीमुळे वजन घटलं, वजनाबरोबर खर्च घटला, आणि जगातली आपल्या जातीची सर्वांत मोठी दुर्बीण जुन्नर तालुक्यात उभी राहिली.

१९ ऑक्टोबर २०१६च्या रात्री आठनंतर या ताटल्या मंगळाकडे वळलेल्या होत्या. युरोपच्या अवकाश संस्थेचं ‘स्कियापरेल्ली’ नावाचं यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण आवाज ऐकण्याचं काम खोडदकडे होतं. यानाचा ट्रान्समीटर मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यापुरता होता. त्याची कुजबुज १७ कोटी किलोमीटरहून लांब, जुन्नरच्या शेतात ऐकू यावी, हेच नवल. पण ती ऐकू आली. यान झोपेतून जागं झाल्याचा संकेत आला, वातावरणात शिरताना बदलत जाणारी वारंवारता दिसली, पॅराशूट उघडल्याचंही कळलं. आणि उतरायला थोडासाच वेळ उरलेला असताना पडद्यावरची ती बारीक रेघ थांबली.

दुसऱ्या दिवशी नासाच्या मंगळ परिक्रमा यानाने वरून छायाचित्र काढलं. मेरिडियानी पठारावर एक काळा डाग होता आणि त्यापासून थोड्या अंतरावर पॅराशूटचा पांढरा ठिपका.

अपयशी मोहिमांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. त्यात धीर असतो, अश्रू असतात, ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असते. १० ऑगस्ट १९७९ला भारताचं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांना सामोरं जाऊन जबाबदारी स्वतःवर घेतली आणि पुढच्या वर्षीच्या यशस्वी उड्डाणानंतर अब्दुल कलामांना पुढे केलं, ही गोष्ट तर शाळेच्या प्रत्येक वार्षिक समारंभात एकदा होतेच. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण ते रॉकेट पडलं कशामुळे, हे त्या समारंभात कोणी सांगत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला झडपेचा दोष होता, तिथून नायट्रिक आम्ल गळून गेलं. मला त्या झडपेत जास्त रस आहे. कोणत्याही कार्यक्रमाची फेरआखणी धीराच्या भाषणांतून होत नाही, ती अशा झडपेपासून सुरू होते.

म्हणून आधी स्कियापरेल्लीची झडप पाहू.

५७७ किलोचं हे यान ठरल्याप्रमाणे वातावरणात शिरलं. उष्णतारोधक कवचाने आपलं काम केलं. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, ताशी १७०० किलोमीटरच्या वेगात पॅराशूट उघडलं. पॅराशूट उघडताना यान जोरात हेलकावलं आणि त्याचं वळण मोजणारं उपकरण आपल्या मापाच्या टोकाला जाऊन चिकटलं. हे घडणार, हे अपेक्षित होतं. मात्र ते अपेक्षेपेक्षा जास्त वेळ, म्हणजे साधारण एक सेकंद, चिकटून राहिलं. त्या एका सेकंदात संगणकाने ते कमाल माप खरं धरून हिशेब केला. परिणामी आपण कुठे तोंड करून आहोत, याचा यानाचा अंदाज जवळजवळ १६५ अंशांनी चुकला, म्हणजे यान स्वतःला जवळपास उलटं समजू लागलं. पुढे रडारने अंतर दिलं, पण उलट्या यानाच्या हिशेबात ते अंतर घातल्यावर उंची ऋण निघाली. आपण जमिनीच्या खाली आहोत, असं यानाला वाटलं. मग त्याने पॅराशूट सोडून दिलं, ३० सेकंद चालायची इंजिनं तीनच सेकंदांत बंद केली आणि उतरल्यावर सुरू करायची उपकरणं सुरू केली. खरी उंची तेव्हा ३.७ किलोमीटर होती. ताशी ५४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ते आदळलं.

हे सगळं मला इथे भिवंडीत बसून लिहिता येतं, कारण युरोपीय संस्थेने चौकशी नेमली आणि मे २०१७मध्ये अहवाल लोकांसमोर ठेवला. उपकरण बिघडलेलं नव्हतं, संगणकही बिघडलेला नव्हता. पॅराशूटच्या हेलकाव्यांचं गणित अपुरं होतं, उपकरण चिकटलं तर किती वेळ ग्राह्य धरायचं हा आकडा नीट ठरवला गेला नव्हता, उपकंत्राटदारांवरची देखरेख ढिली होती, आणि उंची ऋण आली तर ‘हे अशक्य आहे’ असं म्हणणारं कोणी सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. इतकं स्पष्ट लिहायला संस्थेच्या अंगात बळ लागतं.

या अहवालानंतर सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. स्कियापरेल्ली ही रंगीत तालीम होती. खरा खेळ पुढच्या रोव्हरचा होता, ज्याला नंतर रोझलिंड फ्रँकलिन यांचं नाव मिळालं. त्याचं उड्डाण २०१८वरून २०२०वर आधीच गेलं होतं. २०१९मध्ये चाचण्यांत त्याची पॅराशूटं फाटली आणि उड्डाण २०२२वर गेलं. मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाशी भागीदारी तुटली आणि उतरण्याचा रशियन सांगाडा हातचा गेला. आता २०२८चं नाव घेतलं जातं. अपयशानंतरचा फेरविचार कागदावर कितीही शहाणा असला तरी इतिहास त्याला विचारून घडत नाही.

खोडदला हे काम का आलं, यामागेही एक जुनं अपयश आहे आणि ते अमेरिकेचं आहे.

नव्वदच्या दशकात नासाचे प्रमुख डॅन गोल्डिन यांनी मंत्र दिला होता: जलद, सरस, स्वस्त. एक अब्ज डॉलरचं एक यान दहा वर्षांत बांधण्यापेक्षा छोटी छोटी याने भराभर पाठवा, एखादं गेलं तर गेलं. १९९७ला पाथफाइंडर मंगळावर उतरलं, त्याचा चिमुकला सोजर्नर रोव्हर फिरला आणि मंत्र खरा ठरल्यासारखा वाटला. मग १९९९ साल उजाडलं.

२३ सप्टेंबरला मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाच्या मागे गेलं ते परत आलंच नाही. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून आकडे पौंडांत येत होते आणि नासाचे लोक ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालले होते. ही गोष्ट आता विनोदासारखी सांगितली जाते. तिचा विनोद नसलेला भाग अहवालात आहे: मार्ग पाहणाऱ्यांना काही महिने आधीच आकडे जुळत नसल्याची शंका होती. पण ती तोंडी फिरत राहिली, रीतसर तक्रार म्हणून कागदावर चढली नाही. पुढे ३ डिसेंबरला मार्स पोलर लँडर गप्प झालं आणि त्याच्याबरोबर पाठवलेली डीप स्पेस-२ची दोन छोटी यानेही.

पोलर लँडरला तीन पाय होते आणि जमिनीला पाय टेकल्याचं सांगणारे सेन्सर पायांतच होते. उतरताना वरच पाय उघडले गेले आणि त्या झटक्याने सेन्सरने ‘टेकलो’ असा खोटा इशारा दिला असावा. तो इशारा स्मृतीत तसाच राहिला. जमीन ४० मीटरवर असताना संगणकाने पहिल्यांदा विचारलं, टेकलो का? उत्तर तयार होतं. इंजिन बंद झालं. आमच्या भिवंडीतल्या साध्या यंत्रमागालाही एक फोर्क असतो. धोट्यातली कांडी संपली किंवा बाण्याचा धागा तुटला की फोर्कला धागा लागत नाही आणि माग आपोआप थांबतो. फोर्क जरा वाकला की धागा शाबूत असूनही माग थांबतो. मग माग दुरुस्त करणारा जॉबर येतो, एक शिवी हासडतो, फोर्क सरळ करतो आणि हँडल ओढतो. मंगळावर जॉबर जात नाही.

वरच्या परिच्छेदात मी ‘असावा’ म्हटलं ते उगाच नाही. पोलर लँडर उतरत असताना पृथ्वीशी बोलत नव्हतं. पैसे वाचवण्यासाठी ती सोय वगळली होती. त्यामुळे नेमकं काय झालं, याचा पुरावाच उरला नाही. चाचण्यांवरून काढलेलं सर्वांत संभाव्य कारण तेवढं हाती लागलं. नासाने नेमलेल्या टॉम यंग यांच्या समितीने मार्च २०००मध्ये दिलेल्या अहवालात या बचतीवर कडक ताशेरे होते, आणि दोन्ही मोहिमा निदान ३० टक्के कमी पैशांत हाकल्या गेल्याचंही म्हटलं होतं. तेव्हापासून उतरतानाचा प्रत्येक क्षण कोणीतरी ऐकत असायला हवा, हा मंगळावर जाणाऱ्यांचा रिवाज झाला. खोडदच्या ताटल्या २०१६ला मंगळाकडे वळल्या त्या या रिवाजापोटी.

नासाची फेरआखणी मात्र अभ्यासण्यासारखी आहे. दोन याने गमावल्यावर त्यांनी २००१साठी बांधून ठेवलेलं लँडर रद्द केलं. आधीच्या भावाचा दोष त्याच्याही हाडात असणार, हे उघड होतं. ऑर्बिटर मात्र जाऊ दिलं. ते म्हणजे मार्स ओडिसी, जे २०२५मध्येही काम करत होतं. संपूर्ण मंगळ कार्यक्रमाला स्कॉट हबर्ड हा एक प्रमुख नेमला. प्रत्येक मोहीम सुटी न पाहता सगळ्यांना एक प्रश्न दिला: पाणी कुठे होतं? आधी वरून नकाशा, मग जमिनीवर रोव्हर, मग आणखी बारीक नजरेचं ऑर्बिटर, मग मोठं यान, असा क्रम लागला. २००४ला स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी उतरले. दिलेलं आयुष्य ९० मंगळदिवसांचं होतं. ऑपॉर्च्युनिटी २०१८पर्यंत चाललं. आणि रद्द झालेलं लँडर? ते गोदामात पडून होतं. त्यातल्या चुका एकेक करून शोधल्या, त्याला फिनिक्स नाव दिलं आणि २५ मे २००८ला ते मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ सुखरूप उतरलं. पडलेल्या यानाचं बिघडलेलं भावंड दुरुस्त करून उतरवणं, यापेक्षा चांगली फेरपरीक्षा मला माहीत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

चांद्रयान-२चा जन्मच एका अपयशाने वळवला होता. मूळ बेतात लँडर रशियाचं होतं, तसा करार २००७ला झाला होता. २०११च्या नोव्हेंबरात रशियाचं फोबोस-ग्रुंट यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. त्यानंतर रशियाने आपल्या रचनेचा फेरविचार सुरू केला, वेळापत्रक कोलमडलं आणि लँडर आपणच बांधायचं ठरलं. म्हणजे परक्याच्या अपयशामुळे आपल्याला स्वतःचं यान बांधावं लागलं. ‘विक्रम’ तसं आलं.

७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे दोनच्या सुमाराला काय झालं, ते सगळ्या देशाने पाहिलं. भिवंडीत तेव्हा रात्रपाळी चालू होती. माग खडखडत होते आणि कामगार मोबाइलवर बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षाचे चेहरे पाहत होते. पडद्यावर हिरवी रेघ लाल रेघेवरून खाली सरकली आणि थांबली. नंतर इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांचे अश्रू आले, पंतप्रधानांची मिठी आली, आणि पुढचे आठ दिवस देशाने त्या मिठीवर चर्चा केली.

यान का पडलं, यावर देशाने किती चर्चा केली? नोव्हेंबर २०१९मध्ये लोकसभेत एका लेखी उत्तरात सरकारने सांगितलं, की ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटरपर्यंतचा पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे झाला आणि वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला. दुसऱ्या टप्प्यात वेग ठरवलेल्यापेक्षा जास्त कमी झाला, पुढचं सगळं बिघडत गेलं आणि यान ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळलं. बस. जास्त तपशील आला तो २०२३मध्ये, तोही इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांच्या भाषणांतून. त्यातून जुळवलेलं चित्र असं: पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त जोर दिला. मधल्या टप्प्यात छायाचित्रं घेण्यासाठी यानाला स्थिर राहायचं होतं, त्यामुळे ही चूक तिथल्या तिथे न सुधारता साठत गेली. मग एकदम सुधारायची वेळ आली तेव्हा यानाला झटकन वळावं लागलं आणि सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. वर उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. यानाला वेग कमी करायचा होता आणि त्याच वेळी त्या चौकोनापर्यंत पोहोचायलाही हवं होतं. एकाच वेळी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर.

चांद्रयान-३ ही या चुकांची नेमकी उत्तरपत्रिका होती. मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. उतरण्याची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी ऐसपैस केली. इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, सौरपट्ट्या वाढवल्या, वेग थेट मोजणारं लेसर उपकरण बसवलं. यानाला क्रेनला टांगून आणि उपकरणं हेलिकॉप्टरला बांधून चाचण्या झाल्या. मुख्य बदल मात्र विचारातला होता. आधीचा आराखडा ‘सगळं नीट चाललं तर कसं उतरायचं’ असा होता. नव्या आराखड्याचा प्रश्न होता: हा सेन्सर गेला तर? हे इंजिन गेलं तर? गणित चुकलं तर? प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि त्यांच्या लोकांनी चार वर्षं याच प्रश्नांच्या मागे घालवली. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला. चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळलं होतं. त्याचं इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चालत राहिलं, कारण वेगातला बदल मोजणारं उपकरण चालूच झालं नव्हतं. आणि चांद्रयान-२? त्याचं ऑर्बिटर वरून फिरतच होतं. नव्या विक्रमसाठी जागा निवडताना त्याच्याच कॅमेऱ्याची छायाचित्रं वापरली गेली. मोहिमेला ‘अपयशी’ म्हणताना आपण हा अर्धा भाग विसरतो.

आतापर्यंतचे अपघात एका ओळीत ठेवून पाहा. पोलर लँडरने खोट्या सेन्सरवर विश्वास ठेवला. स्कियापरेल्लीने चिकटलेल्या मापावर ठेवला. लुना-२५ने ऐकायचा सेन्सर चालूच केला नाही. एप्रिल २०२३मध्ये जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुटो-आर उतरताना एका विवराच्या कडेवरून गेलं. जमीन एकदम तीन किलोमीटर खाली गेली, उंची मोजणाऱ्या सेन्सरने तसं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि सॉफ्टवेअरने ठरवलं की सेन्सरच बिघडला. यान जमिनीपासून पाच किलोमीटरवर ‘आपण उतरलो’ असं समजून इंधन संपेपर्यंत तरंगत राहिलं आणि मग पडलं. आपल्या छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ला फसलं, तेही याच कुळातलं. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर थरथर झाली, सॉफ्टवेअरने चांगले सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं, आणि दोन उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत जाऊन वातावरणात जळाले. त्यातल्या आझादीसॅटची उपकरणं देशभरातल्या ७५० शाळकरी मुलींनी केली होती.

कधी खोट्यावर विश्वास, कधी खऱ्यावर अविश्वास. ही ओळ मला लावता आली, कारण यांतल्या प्रत्येक अपघाताचं कारण ज्याच्या त्याच्या संस्थेने सांगून टाकलं आहे. आयस्पेस ही खासगी कंपनी, तिचे समभाग बाजारात आहेत, तरी तिने महिनाभरात कारण जाहीर केलं. आणि एसएसएलव्हीच्या बाबतीत आपल्या इस्रोनेही तसंच केलं. सहा महिन्यांत काय बिघडलं, कोणता तर्क बदलला, दुसऱ्या टप्प्याची सुटण्याची यंत्रणा का बदलली, हे स्वच्छ लिहून जाहीर केलं आणि १० फेब्रुवारी २०२३ला दुसरं उड्डाण यशस्वी केलं. म्हणजे इस्रोला हे येत नाही, असं कोणी म्हणू नये. ठरवलं की येतं.

चांद्रयान-२चा अहवाल मात्र आजही लोकांच्या हाती नाही. संसदेतलं उत्तर, काही भाषणं, काही मुलाखती, एवढंच. नोव्हेंबर २०२३मध्ये सोमनाथ यांचं मल्याळम आत्मचरित्र येणार होतं. त्यातल्या काही मजकुरावरून वाद झाला आणि त्यांनी ते मागे घेतलं. चांद्रयान-२ फसल्याचं कारण त्या वेळी सरळ सांगितलं गेलं का, हाही त्या वादातला एक मुद्दा होता. मी त्यात कोणाची बाजू घेत नाही. पण अहवाल उघडा असता तर वादाला जागाच नव्हती. १८ मे २०२५ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं. ज्या रॉकेटवर आपण डोळे मिटून विश्वास टाकत होतो, ते हे. समिती बसली. तिचा अहवाल हा लेख लिहीपर्यंत बाहेर आलेला नाही.

कोणी म्हणेल, तंत्रज्ञान गुप्त असतं, शत्रू वाचतील. पोलर लँडरचा आणि स्कियापरेल्लीचा अहवाल सगळ्या जगाने वाचला, त्यावरून अमेरिकेचं किंवा युरोपचं कोणी काही चोरून नेल्याचं ऐकिवात नाही. उलट पुढच्यांनी त्यातून आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘उंची ऋण कशी?’ हा प्रश्न घातला असेल. नाजूक भाग झाकून बाकीचा अहवाल देता येतो, तसे अहवाल जगभर निघतात.

मी हे इतक्या आग्रहाने म्हणतो, त्याला भिवंडीत राहणंही कारण आहे. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत कोसळली आणि ४०च्या आसपास माणसं झोपेत गेली. २०२३च्या एप्रिलमध्ये वळपाड्याला आणखी एक इमारत खाली आली. गोदामांच्या आगी तर दर उन्हाळ्याला. प्रत्येक वेळी गुन्हा दाखल होतो, समिती नेमली जाते, मंत्री येऊन जातात. समितीचा अहवाल हातात घेऊन ‘हा खांब या कारणाने गेला’ असं शांतपणे वाचणारा माणूस मला या गावात अजून भेटलेला नाही. कारण सांगायचं नसतं, ही सवय एका खात्यापुरती नसते. ती पंचनाम्याच्या पहिल्या ओळीपासून लागते.

महाराष्ट्राने या कार्यक्रमात हात घातलेले आहेत. इथून तासाभरावर विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटची विकास इंजिनं आणि यानांचे थ्रस्टर तयार होतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला मोठ्या रॉकेटच्या बूस्टरचे पोलादी भाग घडतात, पवईच्या लार्सन अँड टुब्रोतही. अशा कारखान्यात एखाद्या जोडाच्या क्ष-किरण फोटोत केसाएवढी भेग दिसली तरी तिची नोंद होते, तो भाग बाजूला ठेवला जातो आणि कारण लिहून सही झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. वेल्डरची चूक कागदावर येते. मग अख्ख्या मोहिमेची चूक का येऊ नये?

पुढचा घास मोठा आहे. १८ सप्टेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ला मंजुरी दिली, २,१०४ कोटी सहा लाख रुपये. पाच भागांचं हे यान दोन रॉकेटांनी वर जाईल, अवकाशात जोडलं जाईल, चंद्रावर उतरेल, माती गोळा करेल, तिथून पुन्हा उडेल, कक्षेत पुन्हा जोडलं जाईल आणि माती घेऊन पृथ्वीवर येईल. यातली जोडाजोडी करून पाहण्यासाठीच १६ जानेवारी २०२५ला स्पेडेक्सचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. शुक्राकडे जाणाऱ्या ऑर्बिटरसाठी १,२३६ कोटी मंजूर आहेत, उड्डाण मार्च २०२८ला अपेक्षित. जपानबरोबरच्या चांद्रयान-५चा रोव्हर २५० किलोचा असेल, चांद्रयान-३चा प्रज्ञान २६ किलोचा होता. इतक्या पायऱ्या असलेल्या मोहिमांत कुठेतरी काहीतरी फसणारच. अमेरिकेचाच मंगळावरून माती आणण्याचा बेत खर्चाने ११ अब्ज डॉलरवर गेला आणि फेरविचारात अडकला. तिथे तर काही पडलेलंसुद्धा नव्हतं.

चांद्रयान-२ का आदळलं, हे शोधायला जी राष्ट्रीय तज्ज्ञ समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष व्ही. नारायणन होते. जानेवारी २०२५पासून तेच इस्रोचे अध्यक्ष आहेत. अहवालात काय आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांना एवढीच विनंती आहे, की चांद्रयान-४ श्रीहरिकोट्याच्या तळावर उभं राहण्याआधी तो अहवाल, झाकायचं ते झाकून, इस्रोच्या संकेतस्थळावर ठेवावा. मराठीत नसला तरी चालेल, तेवढं आम्ही करून घेऊ.